वंश, जनुके आणि प्रोस्टेटचा कर्करोग

१८५३ साली लंडनचे शल्यविशारद जे. अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रोस्टेटच्या कर्करोगाची नोंद केली, तेव्हा त्यांनी हा रोग अतिदुर्मिळ मानला होता. आज अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या साधारण दुप्पट प्रमाणात या रोगाने दगावतात. हा फरक रक्तातला की समाजातला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

२००६ मध्ये आइसलंडच्या ‘डीकोड’ संस्थेने आठव्या गुणसूत्रावर या रोगाशी निगडित भाग शोधला. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधक आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांची वंशमिश्रणे तपासत त्याच जागी पोहोचले. तिथले धोका वाढवणारे काही बदल आफ्रिकी वंशात अधिक आढळतात. याउलट, २००५ मध्ये मिशिगनला सापडलेली दोन जनुकांची विकृत जोडणी गोऱ्यांच्या जवळपास निम्म्या गाठींत दिसते. कृष्णवर्णीयांत आणि पूर्व आशियाईंत बरीच कमी.

मात्र अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, जिथे उपचार बऱ्याच अंशी सर्वांना सारखे मिळतात, तिथे निदानानंतरच्या मृत्यूंतली ही तफावत जवळजवळ दिसली नाही. म्हणून वंशाकडे बोट दाखवण्याआधी उपचार कोणाला मिळाले, हे तपासावे, असे माझे मत आहे. जनुकीय अभ्यासांत आजही युरोपीय वंशाचेच लोक बहुसंख्य आहेत. भारतीयांची नोंद त्यांत फार थोडी आहे.