खतखड्ड्याचं इंदुरी कूळ

कंपोस्टचा इतिहास सांगणारे सर अल्बर्ट हॉवर्ड या नावापाशी येतात आणि तिथेच थांबतात. सेंद्रिय शेतीचा आद्यपुरुष, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ, १९३४ साली ‘सर’ झालेला. हे सगळं खरं. पण ही पद्धत ज्या पुस्तकातून जगभर गेली, त्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’वर लेखकांची नावं दोन आहेत. पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९३१ साली काढलं. पहिलं नाव हॉवर्डचं. दुसरं यशवंत डी. वाड, एम.ए., इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’तले रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. होळकरांचं इंदूर आणि आडनाव वाड! पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे निवडणारे गणेश चिमणाजी वाड ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. जगभरच्या परसबागांत कुजणाऱ्या ढिगाचं एक मूळ मराठी घरात आहे, असं मी तरी धरून चालतो.

सर्वांना माहीत असलेला भाग चटकन उरकतो. उकिरडा सगळीकडे होता, शेणखत होतं, धनगरांची मेंढरं शेतात बसवण्याची चाल होती, कोकणात राब होता. हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. १९२४ साली होळकर दरबारानं दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर इंदूरची संस्था उभी राहिली. पैसा प्रामुख्यानं कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. सात वर्षांत पद्धत बसली. तिला नाव मिळालं ‘इंदूर प्रोसेस’.

आता भांडणाचा भाग. ही पद्धत मुळात कोणाची?

पहिला दावा चीनचा. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग १९०९ साली चीन, कोरिया, जपान हिंडला आणि तिथले शेतकरी काडीकचरा, गाळ, मैला कुजवून चाळीस शतकं जमीन कशी राखतात ते त्यानं लिहून ठेवलं. १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ते पुस्तक आलं. हॉवर्डनं ते वाचलं होतं आणि ऋण मोकळेपणानं मान्यही केलं. दुसरा दावा इंग्लंडचा. रॉथॅमस्टेडच्या हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये पेंढ्यावर अमोनियाचे क्षार आणि चुनखडी घालून गुराशिवाय शेणखत बनवलं. त्याची पूड ‘ॲडको’ नावानं बाजारात आली. तिसरा दावा बंगळूरचा. तिथे गिल्बर्ट फाउलर मैलापाण्याच्या गाळातले जिवाणू कचऱ्यावर सोडून खत करत होता. जर्मनीत १९२४ साली रुडॉल्फ श्टाइनरची व्याख्यानं झाली, पण गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरण्याचा तो मार्ग वेगळाच. त्याला या वादात मी धरत नाही.

यात चीनचा दावा सर्वांत वजनदार, आणि बहुतेक लेखक तोच पुढे करतात. मला तो अर्धाच पटतो. चीनमध्ये माणसाचा मैला शेतात बिनदिक्कत जाई. माळव्यात तो चालणार नव्हता. आणि माळव्याची खरी अडचण निराळीच होती: गोवरी. लाकूड महाग, म्हणून शेण चुलीत जाणार. शेतकऱ्याला शेण जाळू नको म्हणणं म्हणजे भाकरी भाजू नको म्हणणं. मग खत करायचं कशाचं? कापसाच्या शेतात पऱ्हाटी उभी, तुरीच्या शेतात तुराटी, उसाचं पाचट, निंदणीचं तण, झाडांचा पाला. सगळं कोरडं, कार्बननं भरलेलं आणि नत्राच्या नावानं शंख. शिवाय गोठ्याच्या मातीत मुरणारं गोमूत्र, जे कोणी मोजतच नव्हतं.

इंदूर पद्धत नेमकी या अडचणीच्या मापानं शिवलेली आहे. कडक पऱ्हाटी शेतरस्त्यावर पसरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांकडून चुरडून घ्यायची. मग ती गुरांखाली अंथरायची. गोठ्याची जमीन मातीची ठेवायची, मुतानं भिजलेली माती तीन-चार महिन्यांनी खणून काढायची आणि नवी भरायची. पसरट, हातभर खोल खड्ड्यात या अंथरुणाचे थर लावायचे. त्यांवर ती माती, चुलीतली राख आणि पाण्यात कालवलेलं शेण शिंपडायचं. शेण इथे विरजणाइतकंच लागतं. बाकीच्या शेणाच्या गोवऱ्या थापायला बाई मोकळी. राख आंबटपणा मारते, माती नत्र धरते, आणि थर दाबून बसवायचे नाहीत, कारण आत हवा हवी. मग ढीग तापतो, पार ६५ अंशांपर्यंत, आणि तणाचं बी त्यात मरतं. तीनदा उलथायचं, नव्वद दिवसांनी उचलायचं. सुरुवातीला कार्बन नत्राच्या सुमारे ३३ पट, शेवटी १० पट.

ॲडकोची पूड विकत घ्यावी लागे, फाउलरच्या गाळाला शहराची गटारं लागत. राख, माती आणि मूठभर शेण कोणाच्याही अंगणात होतं. म्हणून माझं मत पक्कं आहे: कल्पनेला चीननं हात दिला असेल, पण जन्म गोवरीनं ओढवलेल्या शेणाच्या टंचाईनं दिला.

आणखी एक तर्क मांडतो. त्याला विरोध होईल याची कल्पना आहे. इंदूरच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरत, म्हणून त्या चार महिन्यांत माल जमिनीवर रचत. तळाला साधारण आठ फूट चौरस, वर थोडा निमुळता. आज युरोप-अमेरिकेच्या बागांत कंपोस्ट म्हणून जो उघडा ढीग दिसतो, तो या मान्सूनच्या सोयीचा वारस असावा. यावर इंग्रज माळी म्हणतील, आमच्याकडे पाल्याचे ढीग शतकानुशतकं होते. होते खरे. पण ठरल्या दिवशी उलथायचा, ठरल्या मापाचा, थरांचा ढीग त्यांच्याकडे सरसकट नव्हता.

मग वाडांचा हात यात किती? साहेबानं सौजन्य म्हणून सहायकाचं नाव घातलं, असं म्हणणारे भेटतात. पण त्या काळी सहायकाला प्रस्तावनेत आभार मिळत, मुखपृष्ठावर जागा मिळत नसे. पुस्तकाचा कणा आकड्यांचा आहे. ओलावा, तापमान, नत्राचा हिशेब, ढिगात नत्र उडतं की वाढतं याची पडताळणी हे रसायनशास्त्रज्ञाचं काम, आणि तिथला रसायनशास्त्रज्ञ वाड. आणखी भक्कम गोष्ट पुढची. हॉवर्ड १९३१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. १९३४ च्या फेब्रुवारीत ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये एफ. के. जॅक्सन आणि वाय. डी. वाड यांचा लेख आला: वस्तीचा मैला आणि कचरा इंदूर पद्धतीनं आरोग्याला धोका न करता शेताच्या कामी कसा आणायचा. साहेब गेल्यावरही काम पुढे सरकलं, तेही हॉवर्डनं न चाललेल्या वाटेनं, गावाच्या शेतापासून शहराच्या मैल्यापर्यंत. नुसत्या हाताखालच्या माणसाकडून हे होत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. केनियातले कॉफीचे मळे, आसामातले चहाचे मळे, १९४० साली हॉवर्डचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’, १९४२ साली पेनसिल्व्हेनियात जे. आय. रोडेलचं मासिक. ‘टेस्टामेंट’मध्ये हॉवर्डनं पद्धतीचं नाव कृतज्ञतेनं संस्थानाला वाहिलं आहे. वाड मात्र जगाच्या तोंडून हळूहळू गळाले. इकडे देशात पद्धत पुढे जात राहिली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि मग ‘हरिजन’मधून खत करण्याचा हा मार्ग गावोगाव नेला.

तो धागा मला यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला सापडतो. तिथल्या गांधीवादी पांढरीपांडेकाकांनी विटांची जाळीदार टाकी काढली, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ झाली. उलथण्याची गरज भिंतीतल्या भोकांनी संपवली. पुसद कापसाचा मुलूख, पऱ्हाटीची अडचण तीच, आणि शेणाची काटकसरही तीच. एका टाकीला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा लागतो, सुमारे १,७५० किलो माती, आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. घरच्या बागेसाठी शेण मिळत नाही म्हणून खत करायचं थांबवलेल्या वाचकांनी हे प्रमाण लक्षात ठेवावं, आणि कंपोस्टवर लिहिणाऱ्यांनी यापुढे ‘हॉवर्ड’ एवढंच न लिहिता ‘हॉवर्ड आणि वाड’ असं लिहावं.