कोळशाची खाण पाहायला जाताना

आपला राजवाडा १९८४ च्या आगीत जळाला, पण त्याचा जळालेला भाग पुन्हा बांधता आला. भूमिगत खाणीचे तसे नसते. ती बंद पडून पंप थांबले की बहुधा पाणी भरते, पंखे थांबले की हवा कोंडते, आणि देखभाल नसलेले छत खचते. म्हणून जुन्या खाणीत उतरून ती पाहण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

वरोरा : चंद्रपूर जिल्ह्यातले हे गाव आपल्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे माहीत आहे. इंग्रजांच्या काळात येथे सरकारी कोळसा खाण होती. तिच्या कोळशासाठीच वर्ध्याहून रेल्वे आणली गेली. १९०६ मध्ये खाण बंद झाली. रेल्वे राहिली, खाण गेली.

सावनेर : नागपूरहून सुमारे ४० किलोमीटर. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये येथे खाण पर्यटन सुरू केले. चालू खाणीचे काम पर्यटकांना दाखवावे, ही त्यामागची कल्पना. शेजारच्या उद्यानात खाणीची प्रतिकृतीही उभारली आहे.

बिग पिट : वेल्समधील ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. पर्यटक पाळण्यातून ९० मीटर खाली उतरतात. माहिती सांगायला पूर्वी खाणीत काम केलेली माणसे असतात. मुले इंग्लंडात असतील तर जरूर पाहावी.

खाणीत जाताना : हेल्मेट आणि दिवा मिळतो. काडेपेटी, लायटर, मोबाईल वरच ठेवावे लागतात, कारण एका ठिणगीने वायू पेटू शकतो. दिव्यांची मोजणी असते. एक दिवा परत आला नाही, तर एक माणूस अजून खाली आहे असे समजतात. बँकेत आम्ही संध्याकाळी रोकड जुळवत असू, येथे माणसे जुळवतात.

इंदूरहून नागपूरला थेट गाडी आहे. खाणीत प्रवेशाची परवानगी व वेळ आधी विचारून घ्यावी. सावनेर परिसरातच अदाशाचा गणपती आहे, त्याचे दर्शनही होईल. खाणीतला कोणी जुना कामगार भेटला, तर मुलांना त्याच्याशी बोलू द्यावे. खाण बंद झाल्यावर ती माहिती सांगणारे कोणी उरत नाही.