मलबार हिलची संध्याकाळ आणि इंदूरची गादी: एका कुजबुजीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात गॉसिपचं काय काम? पण बड्या लोकांच्या खासगी आयुष्याबद्दलची कुजबुज काही मोबाइलबरोबर आलेली नाही. पाणवठा, पार, न्हाव्याचं दुकान, चाळीची गॅलरी, सगळीकडे ती होतीच. इतिहासकार तिला सहसा दूर ठेवतात, कारण तिला आगापिछा नसतो. तरीही कधीकधी हीच कुजबुज एखादी गादी हलवून सोडते. अशी एक घटना आज आपण पाहू, आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्न विचारू: या गप्पांतून समाजाला काय मिळतं, आणि त्याची किंमत कोण चुकवतं?

तारीख १२ जानेवारी १९२५. मुंबईतल्या मलबार हिलवर संध्याकाळी एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हा तरुण, श्रीमंत व्यापारी होता आणि त्याच्यासोबत मुमताज बेगम. दुसऱ्या एका मोटारीतून आलेल्या माणसांनी ही गाडी अडवली. बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार केले आणि तिला ओढून नेण्याचा प्रयत्न केला. एवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांतल्या एकाने तर हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना तोंड दिलं. मुमताज वाचली, बावला वाचला नाही.

आता ही मुमताज कोण? इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, तिसरे, यांच्या दरबारातली ती गायिका आणि नर्तकी. काही वर्षं महाराजांच्या सहवासात राहून ती तिथून निसटली होती आणि शेवटी मुंबईत बावलाच्या आश्रयाला आली होती. म्हणजे एका खुनाच्या बातमीला एकदम राजवाड्याचा दरवाजा लागला. मग काय विचारता!

इथे आपण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९२५ साली सिनेमा मुका होता आणि त्याचे तारे नुकते उगवत होते. त्या काळातले खरे सेलिब्रिटी म्हणजे संस्थानिक. त्यांच्या मोटारी, त्यांचे घोडे, त्यांच्या विलायतेच्या वाऱ्या आणि त्यांचे जनानखाने यांवर लोक तासन्‌तास बोलत. बोलत, पण छापणं सोपं नव्हतं. १९२२ साली सरकारने संस्थानिकांना वर्तमानपत्री टीकेपासून संरक्षण देणारा कायदा आणला. मध्यवर्ती कायदेमंडळाने ते विधेयक मांडायलाही परवानगी नाकारली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून ते मंजूर करून घेतलं. शिवाय गादीवरच्या राजाला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या न्यायालयात आरोपी म्हणून उभं करता येत नव्हतं. म्हणजे बघा, राजाविरुद्ध खटला नाही, राजाविरुद्ध लिहिणं धोक्याचं. उरली काय? कुजबुज.

आणि याच ठिकाणी बावला खटल्याने मोठी गंमत केली. मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला उभा राहिला. मुमताज साक्षीच्या पिंजऱ्यात आली. इंदुरात आपल्याला मनाविरुद्ध ठेवलं होतं, आपल्याला तिथून सुटायचं होतं, असं तिने सांगितलं. आपल्या नवजात मुलीला मारण्यात आलं, असाही तिचा आरोप होता. हे सगळं एरवी कर्णोपकर्णी फिरलं असतं. पण न्यायालयात उच्चारलेलं वाक्य म्हणजे न्यायालयीन कामकाज, आणि कामकाजाची बातमी छापायला वाट मोकळी होती. जे संपादक कालपर्यंत राजवाड्याबद्दल चकार शब्द छापताना दहादा विचार करत, त्यांना आता रकानेच्या रकाने मजकूर मिळाला. आरोपींपैकी आनंदराव फणसे या इंदूरच्या अधिकाऱ्याचं वकीलपत्र बॅ. महंमद अली जीनांकडे होतं, त्यामुळे चर्चेला आणखी धार आली. सिनेमावाल्यांनीही वेळ दवडला नाही. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. त्याचा आधार हीच घटना होती.

खटल्याचा निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, फणसेंसह इतर काहींना जन्मठेप. पण मंडळी, हल्लेखोरांना इंदुराहून कोणी पाठवलं? हल्ल्याचं मूळ इंदुरात आहे, परंतु त्यामागच्या व्यक्ती नेमक्या कोण हे आपल्यापुढे आलेलं नाही, अशा अर्थाचं मत न्यायाधीशांनी मांडलं. कायदा तिथे थांबला. लोकांची तोंडं मात्र थांबली नाहीत, आणि त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणं सरकारलाही जड गेलं. सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, किंवा गादी सोडा. आयोग म्हणजे काय, हे संस्थानिकांना बडोद्याच्या उदाहरणावरून चांगलं ठाऊक होतं. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांच्या आयोगात सदस्यांचं एकमत झालं नव्हतं, तरी त्यांची गादी गेलीच. तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली आणि ती त्यांचा मुलगा यशवंतराव याच्याकडे गेली. त्याचं वय तेव्हा फक्त १७ वर्षं होतं.

इथवर ऐकून आपल्याला वाटेल, वा, कुजबुजीने न्याय केला! जिथे कायदा पोचत नाही तिथे लोकांचं बोलणं पोचलं. यात तथ्य आहे, ते आपण नाकारू नये. सत्ताधाऱ्यांच्या खासगी वागण्यावर बोलायला जेव्हा बंदी असते, तेव्हा वदंता हेच गरिबांचं वर्तमानपत्र असतं.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहू. महाराजांवर आरोप कधी सिद्ध झाला नाही, आणि त्यांना निर्दोष ठरण्याची संधीही मिळाली नाही. संशय कायमचा चिकटला. सरकारची मात्र सोय झाली. एका संस्थानिकाला दूर करायला पुरावा लागला नाही, गाजावाजा पुरला. आणि मुमताज? तिच्या मुलीचं काय झालं, हा प्रश्न या खटल्याच्या निकालाचा भागच नव्हता. तिच्या बोलण्यातला सर्वांत गंभीर मुद्दा तसाच राहिला आणि चर्चा रंगली ती तिच्या रूपाची, तिच्या चारित्र्याची आणि चेहऱ्यावरच्या जखमांची. जी बाई साक्षीदार म्हणून उभी राहिली, तिची लोकांनी कथानायिका करून टाकली. साक्षीदाराचं म्हणणं तपासायचं असतं. कथानायिकेला फक्त पाहायचं असतं.

लोकांना त्यानंतरही कथाच हवी होती. मार्च १९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी नाशिकला तिला हिंदू धर्मात घेऊन तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं गेलं. सगळीकडे पुन्हा चर्चेला ऊत आला. बावला मागे पडला, मुमताज त्याहून मागे पडली. पुढे १९५९ साली याच मुंबईत नानावटी खटला गाजला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची उघड बाजू घेतली आणि ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. हायकोर्टाने तो निर्णय फिरवला. एकदा बोलण्याने राजा गेला, दुसऱ्यांदा बोलण्याने आरोपी जवळजवळ सुटला. हत्यार तेच, फक्त टोक बदललं.

तेव्हा गॉसिप वाईट, ते बंद करा, असा उपदेश आम्ही करणार नाही. ते कधी बंद झालेलं नाही, आणि १९२२ सारखे कायदे करून बंद करायला गेलो तर फायदा ताकदवानांचाच होतो. आमचं सांगणं एवढंच आहे. पुढच्या वेळी एखाद्या नामवंताची भानगड कानावर आली, की आपणच आपल्याला विचारावं: यात कोणाची तक्रार दडली आहे का? असेल, तर ती तक्रार पुढे कुठे पोचली? मलबार हिलवर त्या संध्याकाळी एक बाई मदतीसाठी ओरडत होती. शंभर वर्षं आपण तिची गोष्ट सांगतो आहोत, पण तिची तक्रार अजून ऐकायची राहिली आहे.