परीक्षा कसबाची की ओळखीची?

श्रोतेहो, पोहता येते की नाही हे पाहायचे तर माणसाला पाण्यात उतरवावे लागते. काठावर बसवून पोहण्याची व्याख्या विचारली तर उत्तर मिळेल. पण हा तरेल की बुडेल, ते काही कळायचे नाही.

आज मोबाईलवरचे ॲप प्रोग्रामची भाषा न शिकताही तयार करता येते. पडद्यावरचे तयार ठोकळे जुळवायचे, कोणती माहिती कोठे साठवायची ते ठरवायचे. याला ‘नो-कोड’ म्हणतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीलाही हे काम करता येईल. पण तिला ते येते, हे परीक्षकाने ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर जरा मागे जाऊ या.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. भरती झालेल्यांपैकी कोण कोणत्या कामाचा, हे ठरवण्यासाठी रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली बुद्धीच्या चाचण्या तयार झाल्या. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि न वाचणाऱ्यांसाठी ‘बीटा’. सुमारे १७ लाख माणसे त्यांतून गेली. आता प्रश्न पाहा. क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिकडचे, आपल्या डालड्यासारखे वनस्पती तूप. दुसऱ्या चाचणीत चित्रातला राहिलेला भाग भरायचा होता. त्यात टेनिसचे मैदान होते आणि जाळे गाळलेले होते. इटलीच्या एखाद्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याच्या पोराने जन्मात टेनिस पाहिलेले नसेल, तर त्याने काय करावे हो? त्याचे गुण गेले, आणि त्याची बुद्धी कमी धरली गेली.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. १९२३ साली कार्ल ब्रिगम यांनी याच आकड्यांवरून पुस्तक लिहून दक्षिण व पूर्व युरोपातले लोक बुद्धीने उणे ठरवले. १९२४ साली त्या भागांतून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. १९३० साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. पण कायदा होऊन तोवर सहा वर्षे झाली होती.

आता संगणकाकडे वळू. १९४५-४६ साली ‘एनिॲक’ या सुरुवातीच्या यंत्राचे प्रोग्राम सहा स्त्रियांनी बसवले होते. पुढे यंत्रे वाढली, माणसे हवी झाली, आणि या विषयाचे शिक्षण तर फारसे कोठे नव्हते. म्हणून १९५५ साली आयबीएम कंपनीने प्रोग्रामर निवडण्यासाठी एक चाचणी काढली. तिच्यात आकड्यांच्या मालिका, आकृत्यांची कोडी आणि अंकगणिताची उदाहरणे होती. कोडी सोडवणारा उत्तीर्ण झाला. पण त्याचे गुण आणि त्याचे पुढचे काम यांचा मेळ फारसा बसला नाही. आणि गणिताची कोडी सोडवण्याचा सराव ज्यांना आधीच मिळाला होता, अशांचेच, म्हणजे बहुधा पुरुषांचे, त्यात फावले.

यानंतर साधनेच बदलली. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ हा हिशेबाचा तक्ता आणला. हिशेबनीस स्वतःच यंत्राला कामाला लावू लागला. २०१० साली गूगलने ठोकळे जोडून ॲप करण्याचे ‘ॲप इन्व्हेंटर’ आणले. पुढे ते एमआयटी या विद्यापीठाकडे गेले. म्हणजे यंत्राची किल्ली कामाच्या जाणकाराच्या हाती आली. मग परीक्षा जुनीच कशी चालेल?

‘अमक्या कंपनीच्या साधनात जतन करण्याचे बटण कोठे असते?’ हा प्रश्न म्हणजे नवा क्रिस्कोच. उद्या कंपनी ते बटण हलवील! त्यापेक्षा असे विचारा: एका दूध संस्थेला सभासदांचे सकाळ-संध्याकाळचे दूध, फॅट आणि दर यांची नोंद ठेवायची आहे, दर दहा दिवसांनी बिल काढायचे आहे. कोणकोणते तक्ते कराल? एकाच नावाचे दोन सभासद असले तर? लिटर चुकून जास्त लिहिले गेले, तर दुरुस्ती कोणी करावी आणि जुनी नोंद राहावी का? एकाची रक्कम दुसऱ्याला दिसू नये, याची तजवीज काय? रेंज गेली तर? साधन कोणतेही वापरू द्या. ही उत्तरे पाठांतराने येत नाहीत. काम येणाऱ्यालाच ती येतात.

पण गुरुजनहो, इथेही सावध राहा. शहरातल्या मुलाला ‘फॅट’ म्हणजे टेनिसचे मैदानच! म्हणून प्रश्नातच दोन ओळींत समजावून सांगा की फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, आणि त्यावरून दर ठरतो. माहिती सगळ्यांना सारखी द्या, वेळ सारखा द्या. कोणत्या मुद्द्याला किती गुण, हे उत्तरे पाहण्याआधीच लिहून ठेवा. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाका, आणि जमल्यास दोघांनी ती स्वतंत्रपणे तपासा.

प्रश्न काढून झाला की तो बाजूला ठेवून स्वतःला दोनच गोष्टी विचारा. काम येत असूनही या प्रश्नात कोणी अडकेल काय? आणि काम येत नसूनही कोणी यातून सुटेल काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरच तो प्रश्न मुलांपुढे ठेवा. १९१७ साली हे कोणी विचारले असते, तर टेनिसचे ते चित्र परीक्षेत आलेच नसते.