भाजीचा वाफा आणि सातबारा

परसबागेत काय लावायचं, खत कोणतं घालायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आज आपण वेगळं बोलू. भाजीची जागा बाईची कधी होती, कशी गेली आणि परत कशी मागितली गेली, त्याचा हा इतिहास.

पूर्वी आपल्याकडं भाजीसाठी वेगळं रान नसायचं. न्हाणीच्या पाण्यावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल छपरावर चढायचा. ज्वारीत तूर, मटकी, अंबाडीचे तास असायचे. तांदुळजा, घोळ, पाथरी न पेरताच यायची. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं, ते बाईनंच. खत शेणाचं. त्याला सेंद्रिय म्हणायची गरज नव्हती, कारण दुसरं काही नव्हतंच.

पुढं सलग कापूस आला, सोयाबीन आलं, तणनाशक आलं. मधले तास गेले, रानभाजी गेली. घरची भाजी बाजारातून यायला लागली आणि तिच्यासाठी पैसे मागायची पाळी बाईवर आली.

आणि जालना तर बियाण्याचं गाव! बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून काम सुरू केलं, 1964 साली इथंच महिको कंपनी काढली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याच्या प्लॉटवर फुलं खुडायची, पराग लावायचा, हे नाजूक काम बायांच्याच हातचं. मजुरी मिळाली. पण संकरित पिकाचं बी राखून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून गाडग्यातलं बी मागं पडलं.

बी गेलं, तसा जमिनीचाही प्रश्न होताच. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्याला हजारो शेतकरी बाया आल्या. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: ज्या गावात शंभर घरधनी बायकोच्या नावे जमीन करतील, त्या गावात मी स्वतः येईन. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावानं ते करून दाखवलं. गरोदर सीतेला रामानं वनात धाडलं, तेव्हा तिच्या नावावर काय होतं, हा सवाल त्यामागं होता. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात सीताशेती पुढं आली. थोडी जमीन बाईनं आपल्या मनानं, विकतचं खत-औषध न घालता, आधी घरच्या खाण्यासाठी कसायची, असा तो विचार.

त्याचं मोल कळलं ते 2012 नंतरच्या दुष्काळात. मराठवाड्यात नगदी पीक वाळलं, कर्ज तेवढं उरलं. तेव्हा किल्लारीच्या भूकंपानंतर इकडं काम करत आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं बायांना सांगितलं, घरातून अर्धा-एक एकर मागून घ्या. त्यात भाजी, डाळी, धान्य मिसळून पेरा. खत घरचंच घाला. आधी घर जेवेल, उरेल ते बाजारात जाईल. या कामाला 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या साऱ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. वाफा बाईनं केला म्हणून तो बाईचा होत नाही. काय पेरायचं आणि विकून आलेले पैसे कशाला लावायचे, हे तिनं ठरवलं तरच ती तिची कमाई. नाहीतर ते आणखी एक फुकटचं काम. आणि रान दुसऱ्याच्या नावावर असलं, की चांगला भाव दिसताच त्यात पुन्हा कापूस यायला वेळ लागत नाही.

म्हणून दोन कामं सांगतो. या पावसाळ्यात एक गुंठा का होईना, मागून घ्या आणि त्यातलं थोडं गावरान बी राखा. दुसरं, लक्ष्मीमुक्तीसाठी 1992 साली सरकारनंही परिपत्रक काढलेलं आहे. नवऱ्यानं आपणहून अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. तलाठ्याकडं दोघांनी मिळून जा आणि विचारा.