तालमीची वाट

कोल्हापुरातील मूल कुस्तीकडे का वळत असे, या प्रश्नाला आपल्याकडे 'राजाश्रय' हे एक ठरलेले उत्तर आहे. ते चूक म्हणता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) मल्लांना खुराक मिळाला, मान मिळाला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. परंतु राजाश्रयामुळे मल्ल टिकतो. सात-आठ वर्षांच्या पोराने लंगोट का कसावा, हे त्यातून उलगडत नाही.

आम्हांला त्याचा धागा 'तालीम' या शब्दातच सापडतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीत त्याला सरावाचा अर्थ आला (नाटकाचीही तालीमच असते!), आणि कोल्हापुरात तर तो पेठेतल्या वास्तूचे नाव होऊन बसला. थोरला भाऊ किंवा चुलता तेथे जाई, म्हणून धाकटा त्याच्यामागून जाई. आधी हौद्यातली तांबडी माती उकरायची, थोरांचे शड्डू ऐकायचे, मग जोर-बैठका. डाव फार पुढे. खेळाच्या गोडीआधी माणसांची ओढ असे.

खाशाबा जाधवांविषयी लिहिताना आपण १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यपदकापाशी रेंगाळतो. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवले, हेही सांगतो, सांगावेच. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात त्यांचे वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, हा तपशील एका वाक्यात उरकला जातो. बाल खाशाबांपुढे ऑलिंपिक नव्हते, वडील होते.

याचा सबळ पुरावा मात्र फुटबॉलमध्ये मिळतो. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. मातीच्या जागी चेंडू आला, तरी पाटी तालमीचीच राहिली. पोरगा फुटबॉल निवडतो असे म्हणण्यापेक्षा तो आपली पेठ खेळतो, असे म्हणणे अधिक खरे.

या वाटेवर मुलींना दीर्घकाळ जागा नव्हती. आपल्या गौरवलेखांत हे सहसा येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्या खेळाला ना पेठ, ना हौदा. शहराच्या क्रीडा-इतिहासातील हे प्रकरण तालमीच्या दारातून लिहिता येणार नाही.