सुईने गिरवलेली अक्षरे

कापडावर भरलेले ‘सुस्वागतम्’ चौकटीत बसवून भिंतीला टांगलेले आपण पाहिले असेल. विलायतेतही ही हौस जुनी. जेन बॉस्टॉक हिने १५९८ साली रेशमाने भरलेली अक्षरमाला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तीत जे आणि यू नाहीत. बाई विसरली असे समजू नका हं! त्या काळी आय आणि व्ही या अक्षरांवरच त्यांचे काम भागे.

पुढे हौसेत व्यवहार शिरला. चादरी-पंचे धुण्यात बदलू नयेत म्हणून मोठ्या घरांतून त्यांवर फुलीच्या टाक्याने आद्याक्षरे घालीत. चाकरीला जाणाऱ्या मुलीला ही अक्षरे यावी लागत. म्हणून गरिबांच्या शाळांतून मुलींच्या हाती सुई देत; लेखणी पुष्कळदा देतच नसत.

ससेक्स परगण्यातली एलिझाबेथ पार्कर अशीच चाकरी करणारी पोर. १८३० च्या सुमारास तिने तागाच्या कापडावर लाल रेशमाने आपली कहाणी भरली. आपल्याला लिहिता येत नाही, असे ती आरंभीच सांगते. धन्याने केलेला छळ, जीव देण्याचा विचार, सारे बारीक फुल्यांत. वेलबुट्टी कुठेच नाही. शेवटचे वाक्य अर्ध्यावर थांबले आहे आणि खाली कापड कोरेच राहिले आहे. हीच एलिझाबेथ पुढे ॲशबर्नहॅमच्या शाळेत शिक्षिका झाली आणि १८८९ पर्यंत जगली.